खरमाळ्यांच्या डबीतले गळ

समाधान खरमाळे यांना कशाकशाची भीती वाटते हे विचारण्यापेक्षा कशाची वाटत नाही ते विचारलेलं बरं, आणि त्याचंही उत्तर ते उद्या, नीट विचार करून देतील. नारायणगावच्या एका शाळेत ते अठ्ठावीस वर्षं लिपिक आहेत. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद सहीशिवाय पुढे गेलेला नाही, आणि सही असूनही बरेचसे गेलेले नाहीत. वारूळवाडीच्या घरातून सकाळी निघताना ते गॅसचं बटण तीनदा बघतात. तिसऱ्यांदा बघताना कधीकधी चुकून चालूच करतात, म्हणून मग चौथ्यांदा बघावं लागतं.

अशा माणसाच्या हातात वडिलांनी, म्हणजे दादांनी, शेवटच्या आजारपणात एक पत्र्याची डबी ठेवली आणि म्हणाले, "जीव गेला तरी हिला काही होऊ देऊ नको." कुणाचा जीव, ते दादा बोलले नाहीत. समाधानरावांनी आपलाच धरून चालायचं ठरवलं.

डबी काळी, चपटी, वहीएवढी. आत लोकरीच्या कापडात टोचून ठेवलेले मासे धरायचे गळ. पण बाजारात मिळतात तसले नागडे गळ नव्हेत हे. प्रत्येकावर रेशमाच्या दोऱ्यानं पिसं बांधलेली, इतकी बारीक की बांधणाऱ्याचे डोळे कसे शाबूत राहिले असतील कोण जाणे. पाण्यावर सोडला की माशाला वाटावं, पंखवाला किडाच पडला. इंग्रजांच्या वेळी ओतूरच्या बाजूला तंबू ठोकून राहिलेल्या एका मोजणीवाल्या साहेबाचे ते. आजोबा त्या साहेबाकडे कामाला होते. विलायतेला परत जाताना साहेब डबी त्यांच्या हातात देऊन गेला. लोकांच्या आजोबांना इनाम मिळाले, बक्षिसं मिळाली. खरमाळ्यांच्या आजोबांना गळ मिळाले. आणि खरमाळ्यांनी पुढची ऐंशी वर्षं त्या गळांना एकदासुद्धा पाणी दाखवलं नाही. डबी ट्रंकेत, ट्रंक कुलपात, आणि किल्ली दादांच्या करदोट्याला.

दादांचे धाकटे भाऊ गेणूनाना डिंगोऱ्यात राहतात. वय शहाऐंशी. साहेब मासे धरायचा तेव्हा नाना सात-आठ वर्षांचे होते आणि वडिलांचं, म्हणजे समाधानरावांच्या आजोबांचं, बोट धरून पुष्पावतीच्या काठी उभे असायचे. "काठी अशी वाकली, अशी, का मला वाटलं आता साहेबच जातुया पान्यात," हे वाक्य घरातल्या प्रत्येक लग्नात पंगत उठेपर्यंत निदान एकदा तरी ऐकायला मिळायचं. काठी किती वाकली ते दाखवताना नाना स्वतःच इतके वाकायचे की शेजारच्याच्या पत्रावळीत टोपी पडायची.

भाद्रपदात नानांना डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून समाधानराव त्यांना मंचरला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बत्ती मारून बघितलं आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घाला, उरलीय ती सहा महिने, नशीब असेल तर वर्षभर टिकेल. परतताना मंचरच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमध्ये एसटी अडकली, आणि तेवढ्या हॉर्नच्या गदारोळात नाना शांतपणे म्हणाले, "समाधान, मला ती डबी पायजे."

"कुठली डबी?" समाधानराव म्हणाले. कुठली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"एकदाच. दिसतंय तवर त्यातला एक गळ पान्यावर पडल्याला बघायचाय मला. मासा न्हाई घावला तरी चालंल. घावला तर लई बरं."

"नाना, पण दादांनी मला शपथ…"

"तुझा बाप माझा थोरला भाऊ व्हता. त्यानं मला जलमभर हात लावू दिला न्हाई. आता तू तरी थोरला व्हऊ नगंस."

मेलेल्या बापाचा शब्द मोडावा तर तो वरून बघतोय, आणि जित्या चुलत्याला नाही म्हणावं तर तो शेजारच्या सीटवर बसलाय. समाधानरावांनी शाळेत हजारो प्रकरणांना लावलेला उपाय इथेही लावला. म्हणाले, "दसरा होऊ द्या, मग बघू."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली हत्यारं-अवजारं पुजायची. दादा असेपर्यंत त्या दिवशी डबी ट्रंकेतून बाहेर यायची, बंदच पाटावर ठेवली जायची, झाकणाला कुंकवाचं बोट लागायचं आणि डबी परत ट्रंकेत. समाधानरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांना हे कधीच पटलं नव्हतं. देवाधर्माच्या बाबतीत त्यांना अर्धवट काही खपत नाही. यंदा समाधानराव शाळेतल्या पूजेला गेले होते, तिथला नारळ फुटेना म्हणून अडकून पडले, आणि इकडे ज्योत्स्नाबाईंनी विळा, कोयता, शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर यांच्या ओळीत डबी ठेवली आणि उघडली.

"बंद झाकणाची कसली पूजा?" त्यांनी नंतर विचारलं, "मिक्सरच्या भांड्यात हात घालून पात्याला कुंकू लावतेच ना मी?"

म्हणजे एकेक गळ काढून, त्याच्यावर पाण्याचा हात फिरवून, ओलं हळदकुंकू आणि अक्षता लावून, वर झेंडूची पाकळी ठेवून त्यांनी सगळे परत कापडात टोचले आणि पिसं उडून जाऊ नयेत म्हणून डबी घट्ट बंद केली. श्रद्धा इतकी की एकही गळ सुटला नाही.

कोजागरीला समाधानरावांनी सहज म्हणून डबी उघडली. आतून कुजक्या झेंडूचा वास आला. गळांवर तांबूस गंज चढला होता, हळद पिसांच्या मुळापर्यंत गेली होती, आणि एका गळाचं पीस त्यांनी नुसतं बघितलं तरी निखळून तळहातावर पडलं. समाधानराव खाली बसले. त्यांना समोर दादा दिसायला लागले, आणि दादा काही बोलत नव्हते, हे तर फारच वाईट होतं.

ज्योत्स्नाबाईंना बोलायची सोय नव्हती, कारण त्या आधीच रडत होत्या. तेव्हा समाधानराव डबी पिशवीत घालून शेजारच्या गोरखकडे गेले. गोरखचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याची मोटार सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर तो सल्ला देतो. मोटारीचं म्हणाल तर "सोमवारी या" म्हणतो. त्यानं आधी डिझेल सुचवलं. एका गळाला लावून बघितलं, तर गंज तसाच राहिला आणि हिरवं पीस काळं झालं. मग त्यानं खोबरेल सुचवलं. दुसऱ्या गळाची सगळी पिसं भांग पाडल्यासारखी चापून बसली. तिसऱ्याला हात लावू न देता समाधानरावांनी डबी ओढून घेतली, पण तोवर गोरखनं चष्मा चढवला होता.

"राव, ही पिसं कशाची म्हनायची?"

"कोंबडीची असतील."

"कोंबडीची? अवो हा रानकोंबडा हाय. ह्यो मोर. आन हे ठिपक्याचं तर भलत्याच पाखराचं दिसतंय." गोरखनं दुकानाच्या बाहेर डोकावून बघितलं आणि आवाज खाली आणला. "वन्यजीव कायदा. सात वर्षं."

"सात वर्षं काय?"

"आत."

"पण ही साहेबानं बांधलीत! ऐंशी वर्षांपूर्वी!"

"साहेब हाय का आता धरायला? डबी कुनाच्या घरात घावली, तेवढंच बघत्यात."

समाधानरावांनी बोटांवर हिशेब केला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. सात वजा चार, म्हणजे तीन वर्षांचं निवृत्तिवेतनही तुरुंगातच स्वीकारावं लागणार, आणि हयातीच्या दाखल्यावर सही कोण करणार, जेलर? पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. डबी आधी तूरडाळीच्या पिंपात गेली. तिथून, डाळ शिजली तर पुरावा पोटात जाईल म्हणून, वॉशिंग मशीनमध्ये. तिथून, ज्योत्स्नाबाईंनी मशीन लावायला काढलं तेव्हा, धावत जाऊन माळ्यावर. रस्त्यानं खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी त्यांच्या छातीत धडधड व्हायची.

आणि मग त्यांनी जे केलं, ते फक्त अठ्ठावीस वर्षांचा लिपिकच करू शकतो. त्यांनी वनखात्याला अर्ज लिहिला. "विषय: आजोबांच्या काळातील पिसांची माहिती स्वखुशीने सादर करणेबाबत." खाली, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. तीन प्रती. घराचा पत्ता, दोन फोन नंबर, आणि पत्ता सापडावा म्हणून पाण्याच्या टाकीपासूनच्या खुणा. अर्ज कचेरीत देऊन त्यांनी पोचप्रतीवर शिक्का मारून घेतला, आवक नंबर तपासला, आणि छाती भरून श्वास घेत स्कूटरला किक मारली. मीना नदीच्या पुलावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अर्ज दिला नसता तर हे कुणालाच कळणार नव्हतं. गाडी बाजूला घेऊन ते बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. एकानं थांबून, "काका, उडी मारताय का?" असंही विचारलं.

इकडे नानांचा रोज फोन. "समाधान, दसरा झाला की रं."

"नाना, प्रकरण वनखात्यात आहे."

"आँ? बिबट्यानं नेली का काय डबी?"

रविवारी सकाळी नऊ वाजता वनखात्याची गाडी त्यांच्या दारात उभी राहिली.

आता, जुन्नर तालुक्यात वनखात्याची गाडी दारात उभी राहिली की त्याचा अर्थ एकच. पंधरा मिनिटांत गल्लीच्या ग्रुपवर आलं की खरमाळ्यांच्या घरात बिबट्या शिरलाय. वीस मिनिटांत तो बेडरूममध्ये होता. अर्ध्या तासात त्याला दोन पिल्लं झाली. बायकांनी पोरं आत ओढली, पुरुष काठ्या घेऊन बाहेर आले, गोरख गच्चीवर चढला आणि भर उन्हात बॅटरीचा झोत खरमाळ्यांच्या खिडकीवर मारायला लागला. "पिंजरा कुठंय? पिंजरा का न्हाई आनला?" असा एकच गिल्ला झाला. या गर्दीसमोर आपल्या घराचं दार उघडून समाधानराव बाहेर आले. एका हातात डबी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, दोन टॉवेल आणि बनियन.

"मीच खरमाळे," ते म्हणाले. "मी येतो. फक्त हातात बेड्या नकोत, शाळेची मुलं बघतात."

गाडीतून उतरलेल्या वनरक्षक हर्षाली मॅडम पंचविशीच्या, डोळे तांबारलेले. त्यांनी पिशवीकडे बघितलं, डबी उघडली आणि आत डोकावून बघितलं. "काका, कालपासून तीन ठिकाणी बिबट्याचे फोन आहेत. सकाळपासून चहा नाही मला. हे गळ आहेत?"

"पिसांचे," समाधानराव पुटपुटले. "सात वर्षं ना?"

"कसली सात वर्षं? अर्जाला आवक नंबर पडलाय, म्हणून साहेब म्हणाले बघून निकाली काढा. विकू नका, कुणाला देऊ नका, बास." त्यांनी एक गळ उचलून उजेडात धरला आणि हलकेच फुंकर मारली. पिसातून भुकटी उडाली. "पण काका, हे तुम्ही ठेवून ठेवणार तरी किती दिवस? कसर लागलीय याला, सगळ्यालाच लागलीय. पुढच्या दसऱ्याला पुजायला नुसते खिळे उरतील."

तुरुंग टळला म्हणून समाधानरावांना आनंद व्हायला हवा होता. पण जपून ठेवायचं म्हणजे हळूहळू कसरीच्या तोंडी द्यायचं, हे आजवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गर्दी मात्र भयंकर नाराज झाली. बिबट्या नाही म्हणजे काय? आलाय तर एक पिंजरा लावूनच जा, असं म्हणत लोकांनी मॅडमना घेरलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गेणूनाना आले. पुतण्याच्या घरात बिबट्या शिरला हे डिंगोऱ्यापर्यंत पोचलं होतं. टोमॅटोच्या पिकअपमध्ये बसून, हातात बांबूची काठी घेऊन, शहाऐंशी वर्षांचे नाना पुतण्याला सोडवायला आले होते. धापा टाकत ते ओट्यावर चढले आणि गच्चीवरून उतरून आलेल्या गोरखचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले.

"समाधान, बरा हायेस न्हवं? लागलं न्हाई न्हवं रं कुठं?"

खरे समाधानराव दोन हात अंतरावर उभे होते. नाना गोरखच्या तोंडावरून हात फिरवून कुठं रक्त आहे का ते बघत होते.

डॉक्टरांनी सहा महिने म्हटले होते. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. दसरा होऊ द्या, उत्तर येऊ द्या म्हणत आपण या म्हाताऱ्याची नजर टेबलावर अडकवून ठेवली, हे समाधानरावांना तिथं ओट्यावर उमगलं. तुरुंगाला ते घाबरले होते, दादांनाही घाबरले होते, पण एवढे कधीच घाबरले नव्हते.

"नाना, मी इकडं आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी जायचं आपण नदीवर."

सोमवारी त्यांनी नैमित्तिक रजा टाकली. अर्ज न लिहिता, नुसता फोन करून. मुख्याध्यापकांनी घाबरून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

पण माणूस एका दिवसात किती बदलणार? निघताना गोरखनं बजावलं की नदीकाठी दोन्ही बाजूंनी ऊस आहे, बिबट्या थेट मान धरतो, आणि त्यानं आपल्या कुत्र्याचा खिळ्यांचा पट्टा काढून दिला. "लाजू नका राव, आता मानसंबी घालत्यात." समाधानरावांनी तो गळ्यात बांधला. खिळे बाहेर, मान ताठ, आणि शिवाय मोबाइलवर मोठ्यांदा भजनं लावून ते पुष्पावतीच्या डोहावर उभे राहिले, नदीकडे पाठ आणि उसाकडे तोंड करून.

"बंद कर ती पिपानी!" नाना ओरडले. "मासं पळत्यात."

भजन बंद झालं आणि उसात सळसळ झाली. समाधानरावांनी डोळे मिटले. उसातून झुंबरबाई नावाची एक म्हातारी गवताचा भारा घेऊन बाहेर आली आणि त्यांना बघून भारा टाकून मागेच सरली. "अगं बया! पावनं, गळ्यात काय घातलंय ह्ये? कुनी बांधून ठिवलं व्हतं का काय तुमाला?" समाधानरावांनी मान हलवून नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण पट्ट्यामुळे मान हलेना. म्हातारी भारा उचलून मागे वळून वळून बघत गेली.

नानांनी डबीतून गळ निवडला तो बोटांनी. गंजलेले बाजूला करत करत त्यांनी एक तांबडा, धड राहिलेला उचलला आणि बांबूच्या टोकाच्या नायलॉनच्या दोऱ्याला स्वतःच बांधला. मग एका दगडावर उकिडवे बसून त्यांनी तो हलकेच पाण्यावर टेकवला, उचलला, परत टेकवला. सात-आठ वर्षांच्या पोरानं बघून ठेवलेलं ते हाताला जसंच्या तसं येत होतं. सकाळचं ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं, आणि त्या झगमगाटात तांबडा ठिपका नाचत होता.

"दिसतोय, नाना?"

"दिसतुया. तांबडा दिसतुया." नानांनी गळ परत पाण्यावर टेकवला. "गप बस आता."

अर्धा तास काही झालं नाही. समाधानराव एक डोळा उसावर आणि एक पाण्यावर ठेवून उभे होते. आणि मग पाणी खालून फुगलं, ठिपका गडप झाला, आणि बांबू असा वाकला, असा, की समाधानरावांनी धावत जाऊन नानांचं धोतर मागून धरलं.

"पोट दिसलं!" नाना ओरडत होते. "समाधान, पांढरं पोट दिसलं मला त्याचं! केवडा हाय रं!"

आणि दोरा तुटला. काठी एकदम सरळ झाली, दोघं मागे गवतात बसले, आणि डोहावर मोठमोठी वर्तुळं फिरत राहिली. साहेबानं बांधलेला, आजोबांनी आणलेला, दादांनी जन्मभर कुलपात ठेवलेला गळ माशाच्या जबड्यात बसून निघून गेला होता.

नानांच्या चेहऱ्यावरचा आनंद पुसला गेला. काठी त्यांनी हळूच खाली ठेवली आणि थोरल्या भावाचा मार चुकवायला पोर अंग चोरतं तसे ते आक्रसून बसले. "गेला रं," ते म्हणाले. "मी गमावला. आता दादाला काय सांगू मी?"

ज्याच्या धास्तीनं समाधानरावांना दोन महिने झोप नव्हती, ते झालं होतं. आता छातीत धडधडेल, हातपाय गार पडतील, म्हणून ते वाट बघत थांबले. पण नाना अजून तसेच अंग चोरून बसले होते, आणि ते त्यांना काही केल्या बघवेना. त्यांनी डबी उघडून मांडीवर घेतली. पट्ट्यामुळे मान वाकवता येईना, म्हणून तो काढून गवतात टाकला. पाठीमागे ऊस सळसळत होता. दोऱ्याचं तुटकं टोक त्यांनी दातानं सरळ केलं.

"काठी जरा इकडं करा नाना," ते म्हणाले. "दुसरा बांधतो."